अल्सरेटिव कोलायटिस: गोळ्या एकीकडे, पण खरं काम एनिमाने केलं

संडासात रक्त पडायला लागलं तेव्हा घराजवळच्या एका डॉक्टरांनी न तपासताच मूळव्याध म्हणून सांगून टाकलं, मलम दिलं, तिखट बंद. बरेच महिने त्यातच गेले. मूळव्याधीत रात्री झोपेतून उठून पळावं लागत नाही, रक्तासोबत आव सहसा पडत नाही, हे गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. त्यांनी आधी स्टूल टेस्ट करून इन्फेक्शन नाही ना ते बघितलं आणि मग कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं बघणं. लोक तिची उगाच भीती घालतात, मला झोपेचं इंजेक्शन दिलं होतं, काही कळलंही नाही, खरा वैताग आदल्या रात्रीचं ते पावडरीचं खारट-गुळचट पाणी, तेही लिटरने प्यायचं! बायोप्सीचा, म्हणजे आतड्याच्या काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला, डाव्या बाजूचा अल्सरेटिव कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा.

सासूबाईंचं ठरलेलं, इथे इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, रात्री-बेरात्री खाऊन झालं हे सगळं. डॉक्टर म्हणाले, अहो खाण्याने होत नाही हा आजार, आपलीच प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावर उलटते, औषधाने मुळापासून जात नाही पण शांत ठेवता येतो आणि शांत झाला तरी औषध चालूच ठेवायचं.

आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या सुरू झाल्या, फरक पडला पण रक्त काही थांबेना. मग त्याच औषधाचा एनिमा, म्हणजे बाटलीतून गुदद्वारात सोडायचं पातळ औषध, लिहून दिला. मला इतकी लाज वाटली की मेडिकलवाल्याकडे ह्यांनाच पाठवलं. पण डॉक्टरांचं म्हणणं पटलं, सूज खालच्या भागात आहे, गोळीचं औषध वरून येतं, एनिमा थेट तिथे पोचतो, सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची गोळी, फक्त गुदाशयापुरती. तर रात्री संडासला जाऊन यायचं, बाटली हलवायची, डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा, हळूहळू दाबायचं, आणि मग तसंच पडून राहायचं, जमेल तितकं आत धरून ठेवायचं, रात्रभर राहिलं तर उत्तमच. थंडीत बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा नाहीतर गार लागून लगेच बाहेर येतं. जुना टॉवेल खाली. सुरुवातीला अर्ध्या तासात पळावं लागायचं, सूज उतरली तसं टिकायला लागलं आणि रक्त थांबलं.

मध्ये एकदा आजाराने जोरात उसळी मारली तेव्हा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, 40 मिग्रॅने सुरू करून दर आठवड्याला 5 कमी. तोंड भोपळ्यासारखं, झोप नाही, आणि भूक अशी की सकाळी पोहे-जलेबी झाली तरी दहा वाजता परत पोहे. स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही आणि कायम घ्यायचंही नाही, म्हणून पुढे ॲझाथायोप्रिन, प्रतिकारशक्ती आवरणारं औषध. त्याआधी NUDT15 नावाची रक्ताची तपासणी केली, त्या जीनमध्ये फरक असेल तर नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात आणि आपल्याकडे हे बऱ्याच जणांत सापडतं. सुरुवातीला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सारखी सारखी, आता दर तीन महिन्यांनी. सूज बघायला दर वेळी नळी घालावी लागत नाही, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातली सूज दाखवणारं प्रथिन, तपासतात, 250 च्या वर गेलं की बहुतेक काहीतरी शिजतंय.

आणि हो, इंदूरच्या स्वच्छतेत पहिल्या नंबरचं लोक कौतुक करतात ना, त्याचा खरा फायदा आम्हा लोकांना, राजवाड्याला खरेदीला गेलं की कुठे संडास स्वच्छ आहे ते मला पाठ आहे.

पुढच्या महिन्यात ग्वाल्हेरला नणंदेकडे लग्न आहे. एनिमा आता आठवड्यातून दोनदाच, त्या बाटल्या बॅगेत जातीलच, आणि सोबत पॅरासिटामॉल, कारण लग्नघरात डोकं दुखतंय म्हटलं की कोणीतरी लगेच ब्रुफेन पुढे करतं आणि ते आम्हाला चालत नाही, त्याने आजार परत उसळू शकतो.