फोटोवरून नाव का सांगत नाही

पावसाळा सरला की कुणी ना कुणी फोटो पाठवतंच. मेढ्याच्या वर किंवा महाबळेश्वरच्या उतारावर झरा, त्यातल्या दगडाला चिकटलेली बाजरीएवढी गोगलगाय, आणि खाली प्रश्न : 'ही नवी जात आहे का?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, फोटोवरून ते कळत नाही.

पहिला घोळ वयाचा. शंख दोन मिलिमीटरचा म्हणजे जातच बारीक, असं नव्हे. ओढ्यातल्या मोठ्या गोगलगायीचं ते पिल्लूही असेल. पुरती वाढलेल्या गोगलगायीत शंखाच्या तोंडाची कड सहसा जाड होते, पिल्लाची कागदासारखी पातळ राहते. दुसरा घोळ शंखाचाच. झऱ्यातले शंख साधे, गुळगुळीत, आणि नात्यानं लांबच्या जातीही हुबेहूब सारख्या दिसतात. उंची, रुंदी, तोंडाची मापं आम्ही घेतो, वेढे पाव वेढ्यापर्यंत मोजतो. पण निकाल लागतो तो आतल्या मऊ अंगावर. नराचं लिंग कसं आहे, मादीच्या जननमार्गात पिशव्या किती आणि कुठे, हे बघावं लागतं.

आणि नेमकं तेच बहुतेकदा वाया गेलेलं असतं. जिवंत गोगलगाय थेट अल्कोहोलात टाकली की ती अंग आत ओढून झाकण लावून घेते. अल्कोहोल आत पोचत नाही, अंग सडतं, डीएनएही जातो. म्हणून नमुन्यांचे दोन वाटे करायचे. पहिला वाटा त्याच झऱ्याच्या पाण्यात, उथळ वाटीत. वर मेंथॉलचे दोन-चार खडे सोडून रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी सुईचं टोक लावूनही अंग आत जात नसेल तर गुंगी पुरती चढली. मगच ती अंग टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये टाकायची. घाई केली तर फॉर्मॅलिन लागताच ती आखडते आणि रात्र फुकट जाते. फॉर्मॅलिन बफर केलेलंच, म्हणजे आम्लता रोखणारा क्षार मिसळलेलंच हवं. नुसतं असेल तर ते आम्लधर्मी होऊन शंखाचा चुना खातं. नंतर 70 टक्के अल्कोहोल. दुसरा वाटा डीएनएसाठी : चिमट्यानं शंखाला हलकी चीर पाडून 95 टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलात, आणि ते दुसऱ्या दिवशी बदलायचं, कारण अंगातल्या पाण्यानं ते पातळ होतं.

ओळख पटवायला रॅड्युलाही बघतो. रॅड्युला म्हणजे तोंडातली दातांची पट्टी. या गोगलगायींत एका ओळीत सात दात : मधे एक, दोन्ही बाजूंना तीन-तीन. तोंडाचा भाग ब्लीचमध्ये ठेवला की मांस विरघळतं, पट्टी उरते. तिच्यावरून नजर हटवायची नाही. जास्त वेळ राहिली तर तीही खराब होते, आणि शुद्ध पाण्यात धुताना तर ती थेंबाबरोबर कधी निघून गेली ते कळतच नाही. पुढे सोन्याचा पातळ थर देऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

डीएनएत बहुधा सीओआय या, जाती ओळखायला नेहमी वापरल्या जाणाऱ्या जनुकाची साडेसहाशेच्या आसपास अक्षरं वाचतात. गोगलगायीची बुळबुळ ही प्रक्रिया अडवते, ती आधी काढावी लागते. इतके टक्के फरक म्हणजे नवी जात, असा सर्वमान्य आकडा मात्र नाही. नुसत्या टक्क्यांवर बेतलेलं वर्णन मला कच्चं वाटतं.

खरा वेळ खातात जुनी नावं. एकोणिसाव्या शतकातलं एखादं दोन ओळींचं वर्णन आपल्याच गोगलगायीचं निघालं तर आपलं नाव बाद. तरी शोध संपलेला नाही. सह्याद्रीच्या ओल्या कातळावरची क्रेम्नोकोंकस घ्या. तिची भावकी जवळजवळ सगळी समुद्रकाठची, ही एकटी घाटात. आणि 2013 साली तिच्या सहा नव्या जाती नोंदल्या गेल्या.

वर्णन छापताना एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार म्हणून नेमावा लागतो आणि तो कुठे ठेवला ते लिहावं लागतं. 2002च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या जातीचे नमुने नेमलेल्या संग्रहात द्यावेच लागतात.

तेव्हा गोगलगाय उचलू नका. कोयना-चांदोलीत वनखात्याच्या परवानगीशिवाय तर नाहीच. एखादी जात त्या एका झऱ्यापुरतीच असू शकते. फोटो काढताना शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, शंखाचं तोंड वर येईल असा एक घ्या, आणि झरा उन्हाळ्यात आटतो का ते गावात विचारून कळवा.