शिपायाचे वर गेलेले हात

रविवार, रात्री उशिरा

आत्याच्या एका पुस्तकात खूण म्हणून ठेवलेला कृष्णधवल फोटो आज पुन्हा बाहेर काढला. कडा पिवळ्या पडल्यात. इटलीतल्या पादुआमधल्या एरेमितानी चर्चचं भित्तिचित्र आहे ते: येशूचा शिष्य संत याकोब याला वधासाठी नेताहेत. 1448 मध्ये तिथलं काम हाती घेतलं तेव्हा चित्रकार आंद्रेआ मान्तेन्या अवघा 17 वर्षांचा होता.

दंतकथा अशी, की वाटेत याकोब एका पांगळ्याला बरं करतो. ते पाहून, ज्याने दोरी धरून त्याला ओढत आणलं त्याचाच विश्वास बसतो, आणि मग त्याचंही डोकं उडवलं जातं. फोटोत याकोबाचा हात आशीर्वादासाठी उचललेला, समोर एकजण गुडघे टेकून. जवळच एक शिपाई, दोन्ही हात वर. माझी नजर दरवेळी तिथेच अडकते. त्याला पटलंय, की तो घाबरलाय? की 'हे शक्यच नाही' म्हणतोय? भिंग लावलं तर नुसते ठिपके दिसतात.

प्रार्थना करणं माझं कधी सुटलं, मला सांगता येणार नाही. भांडण झालं नाही, काही घडलं नाही. एक दिवस लक्षात आलं, की बरेच महिने हात जोडलेलेच नाहीत. म्हणून गुडघे टेकलेल्या माणसापेक्षा हा शिपाई मला जवळचा वाटतो.

आणि ती भिंतच आता नाही. 11 मार्च 1944 रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांचे बॉम्ब त्या चर्चवर पडले. हाकेच्या अंतरावरचं, चित्रकार जोत्तोच्या भित्तिचित्रांचं स्क्रोवेन्यी चॅपेल वाचलं. एक वाचलं, दुसरं गेलं. यात कुणाची इच्छा शोधायची? मला शोधावीशी वाटत नाही. पण प्रश्न काही जात नाही.

ढिगाऱ्यातून 80 हजारांहून जास्त तुकडे गोळा केले गेले, कित्येक जेमतेम काही सेंटिमीटरचे. ते पेट्यांमध्ये दशकानुदशकं पडून होते. पुढे संगणकाने एकेक तुकडा जुन्या फोटोंशी ताडून त्याची जागा शोधली आणि 2006 मध्ये ते पुन्हा उभारलेल्या भिंतीवर परत आले. मूळ चित्राचा अगदी थोडा भाग. बाकी सगळी फोटोची राखाडी छाया. ओल्या चुन्यात रंग मुरतो आणि भिंतीचाच होतो, म्हणून तुकड्यांत तो टिकला. फोटोत रंग नाही, पण कुठला तुकडा कुठला हे त्यालाच ठाऊक. हा विचार मला फार धरून ठेवतो.

आज एक गोष्ट नव्याने समजली. मान्तेन्याने हे दृश्य खाली उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेतून रचलंय. कमानीची आतली बाजू दिसते, मागच्या माणसांची पावलं जमिनीच्या कडेआड जातात. मी मात्र इतकी वर्षं फोटो टेबलावर ठेवून वरून वाकून पाहत होते. मग उठले, दिव्याखाली गेले, फोटो डोक्याच्या वर धरला आणि मान मागे टाकून पाहिलं.

कमान खरोखर उंच झाली. याकोब माझ्या वर, शिपाईही वर. दंड भरून येईपर्यंत तशीच उभी होते, दोन्ही हात वर करून.