पेस आडनावाचा माग : आता पाद्रिन्यूंच्या मागे

गोव्यातल्या ख्रिस्ती आडनावांचा माग काढतोय, त्यातले फर्नांडिस आणि रॉड्रिग्ज बाजूला ठेवून (ते संपणारे नव्हेतच) सध्या पेस हाती घेतलंय. लिएंडर पेसमुळे नाव घरोघरी पोचलं असलं, तरी गोव्यात फर्नांडिसांच्या मानाने विरळच.

व्युत्पत्ती पक्की आहे. पेस, पोर्तुगीज उच्चारात पाइश, म्हणजे पायोचा मुलगा. पायो हा लॅटिन पेलागियुसचा पोर्तुगीज अवतार. दोन स्वरांमधला ‘ल’ गिळायची त्या भाषेची जुनी खोडच. मुळाशी ग्रीक ‘पेलागोस’, म्हणजे समुद्र. स्पेनमध्ये ‘ल’ टिकला, म्हणून तिकडचे भाऊबंद पेलाएझ.

११६० मध्ये पोर्तुगालमधल्या तोमारचा किल्ला उभारायला घेणारा टेंप्लर (ख्रिस्ती लढवय्या पंथाचा) सरदार गुआल्दिं पाइश घ्या. त्याचे वडील पायो रामिरिश, म्हणजे रामिरोचा मुलगा पायो. मुलगा मात्र पाइश. पिढी बदलली की मागचं नाव बदललं. मोडी कागदांत ‘अमुक बिन तमुक’ (तमुकचा मुलगा अमुक) वाचणाऱ्यांना यात नवल नाही. पुढे हे फिरतं नाव गोठलं आणि आडनाव झालं.

‘पै’चं ‘पेस’ झालं, हा दावा कुणी ना कुणी आणतंच. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० मध्ये. गुआल्दिं त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचा. एखाद्या पै घराण्याने उच्चार जवळचा म्हणून हे नाव घेतलंही असेल, पण मग बाप्तिस्म्याच्या वहीतली नोंद दाखवा.

कारण गोव्यात धागा रक्ताचा नाहीच. धर्मांतराच्या वेळी आडनाव बहुधा पाद्रिन्यूचं, म्हणजे बाप्तिस्म्याला साक्षी राहणाऱ्या धर्मपित्याचं, नाहीतर पाद्रीचं मिळे. म्हणून एकाच गावातले दोन पेस एकमेकांचे कुणीच नसू शकतात.

बाप्तिस्म्याच्या वह्या वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. रॉड्रिग्जचं ‘रोइझ’ आणि फर्नांडिसचं नुसतं ‘फ्र्झ’ करणारे लेखनिक पेस मात्र पूर्ण लिहितात, चारच तर रोमन अक्षरं (Paes). पण जुन्या पोर्तुगीजमध्ये आई-वडिलांनाही याच अक्षरांत ‘पाएस’ लिहीत. ‘फिल्यु द पाएस इंकोग्नितुस’ दिसलं, तर ते पेस कुटुंब नव्हे. मुलाचे आईबाप अज्ञात आहेत. अनुक्रमणिकेवर भिस्त ठेवलीत, तर हे सगळे आपल्या वंशवृक्षावर येऊन बसतील. १९११ च्या लेखनसुधारणेनंतर पोर्तुगालमध्ये दोन्हींचं ‘पाइस’ झालं. गोव्यातल्या घराण्यांनी आडनावात जुनंच लेखन ठेवलं.

तेव्हा पेसांची वंशावळ तूर्त थांबवली आहे. आता गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या एका गावाच्या बाप्तिस्म्याच्या वहीत फक्त पाद्रिन्यूंची नावं उतरवतोय, आणि शेजारी त्याच गावच्या कोमुनिदादीतल्या (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेतल्या) वांगडांची, म्हणजे मूळ घराण्यांची, यादी. दोन्हींत एकच घर सापडलं, तर जुन्या आडनावाबद्दल काहीतरी हाती लागेल. साष्टीच्या जुन्या वह्यांतलं अक्षर लागणारं कुणी असेल तर हाक द्या. काही पानांवर शाई आरपार उतरली आहे.