बॅटमॅनचा रॉबिन आणि माझा भाचा

आज सिद्धेश्वर तलावाच्या काठावर भाच्यासोबत बसलो होतो. त्याने विचारलं, "मामा, कॉमिक्समध्ये बॅटमॅनच्या जोडीला लढणारा पोरगा, रॉबिन, एकच होता का?"

नाही रे. पहिला डिक ग्रेसन, १९४० चा, सर्कशीतला पोरका पोरगा. मोठा झाल्यावर नाइटविंग म्हणून वेगळी चूल मांडली. दुसरा जेसन टॉड. त्याला जगवायचं की मारायचं, हे १९८८ मध्ये वाचकांनी फोन करून ठरवलं. ५,३४३ विरुद्ध ५,२७१. फक्त ७२ मतांनी पोरगं गेलं! (आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा एवढी चुरस नसते.)

भाचा गप्प. मग म्हणाला, "पण लहान पोराला मारामारीला न्यायचंच कशाला?"

मी कडक भाकरी-शेंगाचटणीचा डबा त्याच्याकडे सरकवला. मला थोरल्या काकांनी पंधराव्या वर्षी यंत्रमागावर उभं केलं होतं. बोट अजून वाकडंच आहे.