पटावर आणि वर्गात

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका डोंगराळ तालुक्यात, गट साधन केंद्रात, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रात, विशेष शिक्षिका म्हणून मी काम करते. आमच्या यादीतली एक मुलगी तिसरीत होती, पण ते केवळ कागदोपत्री. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. हातापायांचे स्नायू ताठ असतात, आधाराशिवाय बसता येत नाही आणि तिचे बोलणे घरच्यांनाच काय ते कळते. पहिलीपासून तिचे नाव गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर होते आणि नावापुढे 'गृहाधारित शिक्षण' असा शेरा होता. मी ठरलेल्या दिवशी घरी जाऊन तिला शिकवत असे. तिला अंक, अक्षरे, छोटी वाक्ये येऊ लागली होती, गोष्ट ऐकताना पुढे काय होणार हे ती डोळ्यांनी सांगू लागली होती. पण शाळा म्हणजे काय हे तिला भावाच्या दप्तरापलीकडे ठाऊक नव्हते. तिची आई एकदा म्हणाली, "मॅडम, तुम्ही येता ते चांगलंच हाय. पण भाऊ शाळंला निघाला की ही दाराकडं तोंड करून बसती. हिला एकदा तिथं बसू द्या की." त्या मागणीवर विचार करण्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीची सभा ठेवावी, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आणि त्यांनी ती मान्य केली. त्या सभेच्या दिवसाविषयी लिहायचे आहे.

सभेच्या आधी पोहोचून मी रॅम्प मोजला. शाळेचे जोते दीड फूट उंच आहे. उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते, म्हणजे दीड फूट चढण्यासाठी किमान अठरा फूट लांबीचा उतार हवा. तिथला उतार जेमतेम पाच फुटांचा होता आणि त्याला कठडा नव्हता. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला तो एकट्याने चढता येणार नाही, आणि पावसाळ्यात मागून ढकलणाऱ्याचाही पाय घसरेल. असे रॅम्प मी पुष्कळ शाळांत पाहिले आहेत. माहितीच्या प्रपत्रात 'रॅम्प आहे काय' असा रकाना असतो आणि त्यात 'होय' लिहिले की काम पूर्ण झाल्याची नोंद होते. त्या रॅम्पवरून आजवर कोणी वर्गात गेले का, हे विचारणारा रकाना नसतो.

कार्यालयात मुख्याध्यापकांच्या टेबलावर जुनी दाखल-खारीज रजिस्टरे पडलेली होती. कुणबी नोंदींच्या शोधात ती कपाटातून बाहेर निघाली होती, आणि मोडी जाणकाराने पानापानांवर पेन्सिलीने बाळबोधीत नावे उतरवून ठेवली होती. शाळेला शंभर वर्षे होऊन गेली आहेत. मुख्याध्यापक मूळचे इतिहासाचे विद्यार्थी. त्यांनी मला एक पान मुद्दाम उघडून दाखवले. शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला, आणि 1919 मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. समोरच्या पानावर त्या हुकुमानंतरच्या तारखा होत्या. एकाच दिवशी, एकाच हस्ताक्षरात, महारवाड्यातल्या मुलांची नावे ओळीने दाखल झालेली होती. शेवटच्या रकान्यात, शाळा सोडल्याच्या कारणापुढे, त्यांतल्या बहुतेकांच्या नावांसमोर काही महिन्यांतच 'सतत गैरहजर' असे लिहिलेले होते.

ती मुले का येईनाशी झाली, हे त्या पानावर कुठेही नाही. वर्गात त्यांना कुठे बसवले, पाटी कोणी तपासली, तहान लागल्यावर पाणी कोणी आणि कसे दिले, यासाठी रजिस्टरात जागाच नसते. कारणाचा रकाना मुलाबद्दल असतो, शाळेबद्दल नसतो. महाराजांना हे पुरते कळले होते, असे मला वाटते. म्हणूनच त्यांनी नुसता दाखल्याचा हुकूम काढून हात झटकले नाहीत. शिक्षण खात्यातल्या लोकांनी या मुलांना समतेने वागवावे, ज्यांना ते जमणार नसेल त्यांनी राजीनामा द्यावा, असेही त्याच वर्षी बजावले. खेड्यातून येणाऱ्या मुलांना राहायला जागा नसेल तर दाखल्याचा उपयोग नाही हे ओळखून कोल्हापुरात वसतिगृहांना जागा आणि पैसा दिला. शाळेचे दार उघडल्यावर आत काय व्हायला हवे याचा इतका विचार करणारा राज्यकर्ता असूनही एका खेड्यातल्या शाळेच्या रजिस्टरात असे पान उरतेच, ही गोष्ट मला सभेला जाण्याआधी फार महत्त्वाची वाटली.

अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास याच अंगाने वाचता येतो. 1974 मध्ये केंद्र सरकारने एकात्म शिक्षणाची योजना आणली. तिच्यात मुलाला साधने, भत्ते आणि विशेष शिक्षकाची मदत होती, पण अपेक्षा अशी की मुलाने तयार होऊन शाळेत यावे. शाळा आहे तशीच राहील. सर्व शिक्षा अभियानात 'शून्य नकार', म्हणजे कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारायचा नाही, हे धोरण आले आणि आमच्यासारख्या शिक्षकांची तालुक्यातालुक्यांत नेमणूक झाली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने अडथळामुक्त इमारत बंधनकारक केली. 2012 च्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याची निवड करण्याचा हक्क दिला. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मुलाला भेदभाव न करता प्रवेश आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयीसुविधा देण्याचे कर्तव्य शाळेवर टाकले. प्रत्येक पाऊल पुढचे होते आणि त्यासाठी लढलेल्या पालकांचे आणि कार्यकर्त्यांचे ऋण मी मानते. तरी एक गोष्ट बोलून दाखवली पाहिजे: घरी शिकण्याची निवड कायद्याने मुलाला दिली आहे, शाळेला नव्हे. प्रत्यक्षात मात्र 'गृहाधारित' हा शेरा अनेकदा पहिल्याच दिवशी, पालकांना फारसे न विचारता पडतो, आणि मग मूल पटावर असते, आकडेवारीत असते, वर्गात नसते.

सभेला सदस्य बऱ्यापैकी जमले होते. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. त्या दिवशी महिलाच अधिक होत्या आणि त्याचा पुढे उपयोग झाला. शाळा दोन शिक्षकी. मुख्याध्यापकांकडे पहिली-दुसरी, बाईंकडे तिसरी-चौथी. बाईंनी आपली अडचण स्पष्ट मांडली आणि मला ती रास्त वाटली. दोन वर्ग एकत्र सांभाळायचे, त्यात मुलगी खुर्चीवरून पडली तर जबाबदारी कोणाची, तिला लघवीला कोण नेणार, आणि मुख्य म्हणजे "मला तिला शिकवता येणार नाही, त्याचं प्रशिक्षण मला नाही." एका पालकाने विचारले की बाकीच्या मुलांचा अभ्यास मागे पडणार नाही का. कोणाच्याही बोलण्यात आकस नव्हता. कायद्याची कलमे वाचून दाखवली असती तर दाखला निमूटपणे मान्य झाला असता, पण बाईंची भीती तशीच राहिली असती, आणि भ्यालेल्या शिक्षकाच्या वर्गात मूल फार दिवस टिकत नाही. म्हणून मी एवढेच सुचवले की मुलगी आईबरोबर बाहेरच थांबली आहे, आज एक तास तिला वर्गात बसवून पाहू, मग ठरवू.

तिची खास खुर्ची आम्ही आधीच आणवून ठेवली होती. त्या खुर्चीला कमरेचा पट्टा आहे आणि पुढे लाकडी फळी बसते. फळीवर मी शून्य ते नऊ अंकांची मोठी कार्डे मांडली. डाव्या हाताची मूठ ती हवी तिथे नेऊ शकते, पण मनात आलेले उत्तर मुठीपर्यंत पोहोचायला तिला वेळ लागतो. हात आधी भलतीकडे जातो, मान मागे ओढली जाते, मग हळूहळू कार्डावर येतो. तेवढे थांबावे, मधे बोलू नये, हात धरून नेऊ नये, एवढीच सूचना मी बाईंना दिली.

गणिताचा तास होता, हातच्याच्या वजाबाकीचा. बाईंनी फळ्यावर त्रेचाळीस वजा सतरा हे उदाहरण घातले. दोन मुलगे फळ्यापाशी येऊन, उत्तर चुकवून जागेवर गेले होते. मग बाईंनी जरा अवघडून हिला विचारले. वर्ग शांत झाला. तिची मूठ फळीवर फिरत राहिली. समितीचे सदस्य दारात उभे होते, आईने पदराचे टोक मुठीत आवळले होते. बराच वेळ गेला आणि तिने आधी तीन, मग चार पुढे सरकवले. चौतीस. उत्तर चुकले होते. आईचा चेहरा पडला, दारात कोणी तरी चुकचुकले.

बाई मात्र पुढे आल्या. "अगं, तूसुद्धा सातातून तीनच वजा केलेस होय?" त्या म्हणाल्या, आणि फळ्याकडे वळून त्यांनी मघाच्या दोन्ही मुलग्यांना बोलावले, कारण त्यांचेही उत्तर चौतीसच आले होते. वरच्या तीनातून खालचे सात जात नाहीत, म्हणून खालच्या सातातून वरचे तीन काढायचे, ही चूक तिसरीत हातचा शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीची आहे. बाईंनी काड्यांची पेटी आणली, तिच्या फळीवर दहादहाचे चार गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या ठेवल्या, त्या दोघांना शेजारी उभे केले आणि एका गठ्ठ्याचा दोरा सोडायला सांगितले. सुट्ट्या तेरा झाल्या. तेरातून सात काढल्यावर किती उरल्या, हे तिघांनी मोजले. तिने नजरेने, त्यांनी बोटांनी. सव्वीस आल्यावर बाईंनी पुढचे उदाहरण घातले, बावन्न वजा अठ्ठावीस. तिने पुष्कळ वेळ घेऊन एककाच्या जागी चार सरकवला, दशकाशी येईपर्यंत घंटा झाली. बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "हे मला शिकवता येईल, मॅडम." इतका वेळ त्यांच्या मनात ती एक आजार होती, चुकीच्या उत्तराने ती त्यांची विद्यार्थिनी झाली.

दुसऱ्या एका गोष्टीकडेही माझे लक्ष होते. तिच्या आळीतली एक मुलगी त्याच वर्गात आहे आणि तिला हिचे बोलणे कळते. सुरुवातीला ती फार उपयोगी पडली, पण तासाच्या शेवटाकडे ती हिच्या आधीच उत्तर देऊ लागली, तेही अतिशय मायेने. ही माया वेळीच वळवावी लागते, नाहीतर मूल वर्गात बसते आणि त्याच्या वतीने दुसरेच कोणी शिकते. म्हणून बाईंबरोबर मी नियम ठरवला: आधी कार्ड, मग तिचे स्वतःचे बोलणे, आणि दोन्ही कळले नाही तरच मैत्रिणीला विचारायचे.

उरलेली सभा कामाची झाली. शौचालयाचा प्रश्न महिला सदस्यांनी हाती घेतला. तूर्त आईने मोठ्या सुट्टीत यायचे, मदतनीस भत्त्याचा प्रस्ताव मी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पाठवायचा, आणि भांड्यावर ठेवता येईल अशी बैठकीची खुर्ची घ्यायची, असे ठरले. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. त्यातून नवा रॅम्प बांधावा असा ठराव झाला आणि एकास बारा हे प्रमाण मुख्याध्यापकांनी ठरावाच्या मजकुरातच लिहून घेतले. तिसरी-चौथीचा वर्ग शौचालयाजवळच्या खोलीत हलवायचे ठरले. अभ्यास मागे पडेल का असे विचारणारे पालकच बाकडी हलवायला सर्वांत आधी उठले.

पूर्ण वेळ बसणे तिच्या पाठीला झेपणार नाही, म्हणून सुरुवातीला मधल्या सुट्टीपर्यंतच शाळा, असे मी सुचवले तेव्हा एका सदस्याने शंका काढली की अशी अर्धी शाळा नियमात बसते का. मी त्यांना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या कामाविषयी सांगितले. आदिवासी मुले गुरे राखायला जात, शाळेच्या वेळेला येऊच शकत नसत. तेव्हा या बायांनी मुलांना गैरहजर न ठरवता शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. वेळ, जागा आणि पाठ मुलाच्या दिवसाप्रमाणे बदलल्यावर मूल शिकते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी करून पाहिलेले आहे. मुख्याध्यापकांनी मान डोलावली आणि तिच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात वेळेच्या रकान्यात तसे लिहिले. 'गृहाधारित' हा शेरा बदलण्याचा अर्ज आईने अंगठ्याऐवजी सही करून दिला.

एक अडचण त्या दिवशी सुटली नाही. तालुक्याच्या ठिकाणी तिला ज्या वारी व्यायामोपचारासाठी न्यावे लागते, त्याच वारी बाई गणितातला नवा भाग सुरू करतात. वार बदलून मिळावा म्हणून मी उपचार केंद्राला पत्र दिले आहे. तोवर बाई नवा भाग दुसऱ्या दिवसावर ढकलत आहेत.