फक्की मारायच्या दिवशी

वर्ध्याजवळ सेलू तालुक्यात एका सामुदायिक शेतीच्या जागेचा प्लॅन करायचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे शाळेची पोरं आणि सेवाग्राम बघायला येणारे लोक इथंही येतील, गावातल्या बायांना तिथंच रोजी मिळेल आणि धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून असलेल्या शेतकऱ्यांनाही ती जागा आपली वाटेल असं काहीतरी. जेसीबी बोलवायच्या आधी मी सगळा प्लॅन फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीनं, वावरातच खऱ्या मापात काढते आणि सगळ्यांना त्यावरून चालायला लावते, कारण कागद पुढं केला की बाया नुसत्या माना हलवतात, वावरात मात्र मोकळं बोलतात.

मे महिना होता, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. जेवणाचं शेड पश्चिमेच्या धुऱ्याला काढलं होतं, गेट तिकडंच म्हणून. शेजारचे काकाजी बराच वेळ बघत उभे होते, मग म्हणाले, "म्याडम, पोट्टे इथं जेवतीन का? मी पऱ्हाटीवर फवारतो तवा वारा इकडूनच येते, सारं त्याइच्या ताटात जाईन."

खरंच आहे, पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो आणि फवारणीही तेव्हाच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, हे इथं कोणी विसरलेलं नाही, आणि शेजारी स्वतःहून हे सांगतोय यापेक्षा मोठी गोष्ट माझ्यासाठी नव्हती.

शेड पूर्वेला विहिरीजवळच्या कडूनिंबाखाली न्यायचं ठरलं. मी पश्चिमेला बांबूची रांग सुचवली तर काकाजी लगेच म्हणाले, नको, सकाळचं ऊन अडते न मुळं माह्या वावरात घुसतीन, म्हणून मग शेवरी आणि तूर, तीही धुऱ्यापासून आत. फवारायच्या आदल्या दिवशी ते फोन करणार आणि त्या दिवशी पाहुणे त्या बाजूला जाणार नाहीत.

तेवढ्यात एक मावशी म्हणाली, "काकाजीच्या वावरात वेचाले आमीच असतो, मंग आमी कोठं जेवाचं? न संडासाले कोठं जाचं?" कापूस वेचणीला आलेल्या बाया दिवसभर पाणी कमी पितात, का ते सगळ्यांना माहीत असतं पण प्लॅनमध्ये कोणी धरत नाही, याचा मला फार राग येतो. शेड, हात धुवायचा नळ आणि संडास आता शेजारच्या वावरातल्या मजुरांनाही खुले, त्यासाठी धुऱ्यातून पायवाट सोडली, तिच्यावर मुरूम टाकायचा म्हणजे पावसात चिखलात पाय फसणार नाहीत.

समितीतल्या एकांना गेटवर दगडी कमान हवी होती, फोटोसाठी. मी स्पष्ट सांगितलं की आधी संडास. काळी माती पावसात फुगते न उन्हात आकसते म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो, तो खर्च कमानीच्या पैशातून निघतोय, आणि पाऊस लागायच्या आत खोदकाम उरकायचं आहे.