झोळीतून कॉटमध्ये: बाळाच्या झोपेचा माझा अनुभव

मी एका खासगी बँकेच्या शाखेत काम करते. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी मिळणारी २६ आठवड्यांची प्रसूती रजा जूनच्या सुरुवातीला संपणार होती आणि देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी पाच महिन्यांच्या मुलाची झोप तोपर्यंत पूर्णपणे झोळीवर अवलंबून होती. माजघराच्या वाशाला बांधलेल्या जुन्या नऊवारीच्या झोळीत तो चटकन झोपे, पण झोका थांबला की थोड्याच वेळात रडत उठे. रात्रभर मी, सासूबाई आणि दिवसभर आंब्याच्या पेट्या भरून दमलेला नवरा आळीपाळीने दोरी ओढत बसत असू.

कणकवलीच्या बालरोगतज्ज्ञांनी कारण सांगितले तेव्हा हे कोडे मला उलगडले. मोठ्या माणसाच्या झोपेचे एक चक्र साधारण ९० मिनिटांचे असते, तर तान्ह्या बाळाचे ५० मिनिटांच्या आसपास. प्रत्येक चक्राच्या शेवटी झोप विरळ होते आणि डोळा लागताना जे भोवती होते तेच बाळ पुन्हा शोधते. झोका घेत झोपलेल्याला झोकाच हवा असतो, दूध पिता पिता झोपलेल्याला दूध. म्हणून बाळाला पेंगुळलेले, पण जागे असतानाच अंथरुणावर ठेवावे, म्हणजे झोपेत शिरण्याचे शेवटचे पाऊल त्याचे त्याला टाकता येते, एवढेच त्यांचे सूत्र होते. झोळीत मान वाकून हनुवटी छातीला टेकते आणि लहान बाळाला श्वास घेणे अवघड होऊ शकते, हेही त्यांनी बजावले.

गावातल्या सुताराकडून कठड्याची लाकडी कॉट करून घेतली. दोन पट्ट्यांमधले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, हे त्याला मापासह सांगितले. गादी काथ्याची, कडक आणि चौकटीत घट्ट बसणारी घेतली. बाळाला उताणे झोपवायचे आणि कॉटमध्ये उशी, गोधडी, खेळणी यांतले काहीही ठेवायचे नाही, हा नियम वर्षभरासाठी आहे, त्यामुळे डोक्याला आकार यावा म्हणून प्रेमाने शिवलेली राईची उशी बाजूला ठेवावी लागली आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली. सासूबाईंना उशीपेक्षाही झोळी सोडण्याचे वाईट वाटत होते, कारण त्यांची तिन्ही मुले तिच्यातच वाढली होती. त्यांनी एकच अट घातली: ‘‘पोराला एकट्याला रडत ठेवायचे नाही.’’ ती मला मनापासून मान्य होती. बाळाला वेगळ्या खोलीत ठेवून दार लावून घेण्याचा सल्ला आमच्या घराला लागू पडणारा नव्हता, आणि किमान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतंत्र अंथरुणावर झोपावे, असे तज्ज्ञांचेही म्हणणे आहे. ‘स्वतंत्र झोपणे’ याचा अर्थ घरातून तोडणे असा कोणी घेत असेल, तर तो मला पटत नाही.

संध्याकाळचा क्रम ठरवला. अंग कोमट पाण्याने पुसायचे, पातळ सुती झबले घालायचे, मग उजेडातच दूध पाजायचे, म्हणजे दूध आणि झोप यांची गाठ सुटते. नंतर दिवा मंद करून सासूबाईंनी रोज तीच एक अंगाई म्हणायची, मच्छरदाणी लावायची आणि मुलाला जागा असतानाच खाली ठेवायचे. मी कॉटशेजारी पाटावर बसून त्याच्या छातीवर हात ठेवत असे. कुरकुर सुरू झाली की थोडे थांबायचे, रडणे वाढले तर उचलून शांत करायचे आणि झोप लागायच्या आत पुन्हा खाली ठेवायचे. सुरुवातीच्या रात्री हे उचलणे-ठेवणे इतके चालले की नवऱ्याने झोळी पुन्हा बांधू का, असे दोनदा विचारले. हळूहळू हात काढून घेतला, मग पाट उंबरठ्याजवळ सरकवला आणि शेवटी तो पडवीत गेला. तिथून माझा आवाज त्याला ऐकू येई, पण मी दिसत नसे.

मे महिन्याचा उकाडा आणि वळवाच्या पावसात जाणारी वीज यांनी बराच त्रास दिला. पंखा बंद पडला की घामाने तो उठे. कॉट खिडकीच्या वाऱ्यात हलवली आणि पंख्यासाठी इन्व्हर्टर घेतला, तेव्हा हे उठणे कमी झाले. माझ्या मते पद्धतीइतकाच वाटा त्या इन्व्हर्टरचाही आहे. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दुपारच्या डुलक्या धरून दिवसाला १२ ते १६ तास झोप लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्याची झोप या मर्यादेत येऊ लागल्यावर मी रात्रीचे हिशेब लिहिणे थांबवले. मध्यरात्रीनंतरचे एक दूध मात्र चालू ठेवले. वजन नीट वाढत असताना ते घाईने तोडू नका, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

गणपतीत सगळा क्रम मोडला. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी घर भरले, आरत्या आणि भजने उशिरापर्यंत चालली आणि प्रत्येक आत्या-काकाला बाळाला मांडीवर झोपवायचे होते. सण त्याचाही होता, म्हणून मी कोणाला अडवले नाही. विसर्जनानंतर पाट पुन्हा कॉटशेजारी आणावा लागला, पण या वेळी तो लवकर पडवीत गेला. मी कामावर असताना दुपारची झोप सासूबाईंकडे असते. सध्या त्या त्याला कॉटमध्येच ठेवतात, मात्र पाट अजून उंबरठ्याच्या आतच असतो आणि तो कधी बाहेर न्यायचा, हे मी त्यांच्यावर सोडले आहे.